नव्या प्रशिक्षकाने महाविद्यालयीन फुटबॉल संघाचा हंगाम कसा बांधावा

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी खेड्यातील संघ नव्याने हाती घेणाऱ्या प्रशिक्षकाने आधी डावपेच बाजूला ठेवून, कोणता खेळाडू कोणत्या एसटीने येतो आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कोण शेतात अडकतो, हे वहीत नोंदवावे. सरावाची वेळ त्यावरूनच ठरवावी. पावसाळ्यात काळी माती बुटांच्या खिळ्यांत घट्ट बसते, म्हणून तेव्हा धावण्यापेक्षा जवळचे पास पक्के करून घ्यावेत. पुढे जमीन वाळून भेगाळते. त्या भेगा मातीने भरून, पाणी मारून, रोलर फिरवल्याशिवाय मुलांना मैदानावर उतरवूच नये, कारण मुरगळलेला घोटा हंगामाच्या मध्यात सावरत नाही. सामना 90 मिनिटांचा असल्याने राखीव खेळाडूंनाही पहिल्या 11 जणांइतकाच सराव द्यावा. जुना कर्णधार मात्र लगेच बदलू नये. मुले त्याचेच ऐकतात.