थ्रेड सुरू करण्यापूर्वी त्याचे गुणधर्म कसे ठरवावेत

पैठणच्या जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, शिकवताना मी हेच उदाहरण घेतो: प्रत्येक दरवाज्याच्या नोंदी वाचणारा एक, असे २७ थ्रेड. लिनक्सवर सी भाषेत असा सराव-प्रोग्राम लिहिताना बहुतेक जण पीथ्रेड_क्रिएट या थ्रेड तयार करणाऱ्या फंक्शनच्या दुसऱ्या जागी नल (रिकामा पत्ता, म्हणजे मूळ गुणधर्म चालतील) देऊन मोकळे होतात. परंतु स्टॅकचा, म्हणजे थ्रेडच्या स्थानिक चलांसाठीच्या मेमरीचा, आकार थ्रेड सुरू झाल्यावर बदलता येत नाही, म्हणून त्याचा विचार आधीच व्हायला हवा.

प्रथम पीथ्रेड_अ‍ॅटर_टी प्रकारचे चल घ्यावे आणि पीथ्रेड_अ‍ॅटर_इनिटला त्याचा पत्ता द्यावा. त्यामुळे सर्व गुणधर्मांना मूळ किमती मिळतात; हव्या त्या बदलून हाच पत्ता पुढे पीथ्रेड_क्रिएटला नलऐवजी द्यावा.

आता स्टॅक. ६४-बिट संगणकावर प्रत्येक थ्रेडला सहसा ८ एमबी स्टॅक मिळतो, म्हणजे २७ थ्रेडसाठी २१६ एमबी. ही सगळी रॅम लगेच खर्च होत नाही, कारण मेमरीची प्रत्यक्ष वापरलेली पानेच (छोटे तुकडे) भरली जातात. तरीही ३२-बिटच्या छोट्या बोर्डावर पत्त्यांची जागा अपुरी पडू शकते. पीथ्रेड_अ‍ॅटर_सेटस्टॅकसाइझने २५६ केबी ठरवल्यास एकूण गरज पावणेसात एमबीवर येते. मात्र त्यानंतर एखाद्या फंक्शनमध्ये ३०० केबीचा स्थानिक अ‍ॅरे घेतला, तर प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने (आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावल्याने) बंद पडू शकतो. असा अ‍ॅरे मॅलॉकने, म्हणजे स्टॅकबाहेरच्या मेमरीत, घ्यावा.

पीथ्रेडची ही फंक्शने झालेल्या चुकीचा (एररचा) क्रमांक एररनो या नेहमीच्या चलात न ठेवता थेट परत करतात, त्यामुळे परत आलेली किंमत प्रत्येक वेळी तपासावी आणि क्रमांकाचा अर्थ सांगणाऱ्या स्ट्रएररने वाचावी.

थ्रेडचा निकाल हवा असेल, तर मूळची जॉइनेबल अवस्था राहू द्यावी, म्हणजे जॉइन करून थ्रेड संपण्याची वाट पाहता येते. ज्याची वाट पाहायचीच नाही, अशा थ्रेडसाठी पीथ्रेड_अ‍ॅटर_सेटडिटॅचस्टेटने डिटॅच्ड (सुटी) अवस्था निवडावी आणि पुढे त्यावर जॉइन करू नये.

सर्वाधिक फसगत प्राधान्यक्रमात होते. माझ्या एका विद्यार्थ्याने फिफो हे तातडीच्या थ्रेडला आधी चालू देणारे धोरण आणि ५० प्राधान्य दिले, कोठेही चूक दिसली नाही, आणि थ्रेड मात्र साध्या पद्धतीनेच चालत राहिला. कारण शोधण्यात आमची अख्खी दुपार गेली. लिनक्सवर नवा थ्रेड मुळात जन्मदात्या थ्रेडचेच धोरण घेतो, आणि पीथ्रेड_अ‍ॅटर_सेटइनहेरिटशेडला एक्स्प्लिसिट (वारसा नको, आपल्याच किमती घे) सांगितल्याशिवाय आपण दिलेल्या किमती विचारातच घेतल्या जात नाहीत. तेवढे केल्यावर ईपर्म (परवानगी नाही) ही चूक समोर आली, कारण फिफोसाठी विशेष परवानगी लागते. पण ती चूक दिसली म्हणूनच आमची सेटिंग लागू होऊ लागल्याचे कळले. क्रमही पाळावा: आधी धोरण, मग प्राधान्य. उलट केल्यास जीलिबसी ही लिनक्सवरची सी लायब्ररी ५० हा आकडा साध्या धोरणाच्या मर्यादेत तपासते आणि नाकारते.

एकच गुणधर्म-चल सत्तावीसही थ्रेडसाठी वापरता येते. शेवटचा थ्रेड तयार झाला की पीथ्रेड_अ‍ॅटर_डिस्ट्रॉय बोलवावे. चालू थ्रेडवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.