लोकसंगीताच्या शिबिरात शिकवायला निघालात? आधी झील धरायला शिका

समारोपाच्या रात्री चौतीस लेकरं दर ओळीला थांबत होती आणि संबळ, म्हणजे गोंधळ्याचं ते चामड्याचं तालवाद्य, पुढं निघून जात होता. समोर सतरंजीवर त्यांचे आईबाप बसलेले. ते कौतुकानं टाळ्या वाजवत होते, त्याचं तर मला जास्तच वाईट वाटत होतं. चार वर्षं झाली. अजून मे महिना लागला की ती रात्र आठवते आणि कानशिलं तापतात.

अंबाजोगाईच्या अलीकडं एका शाळेत आठ दिवसांचं निवासी शिबिर होतं. माझ्याकडं विशारदचं सर्टिफिकेट, स्वतःची पेटी आणि शाळेत नऊ वर्षं संगीत शिकवल्याचा अनुभव. जोडीला एक म्हातारे गोंधळी, सगळे त्यांना आबा म्हणत. पत्रिकेत माझं नाव 'मार्गदर्शक' म्हणून छापलं होतं आणि आबांचं 'साथसंगत' म्हणून. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. उलट मला ते बरंच वाटलं, हे कबूल करते.

आता ज्यात मी पडले तो खड्डा सांगते. जरा लांबण लावते, पण ऐका. आपण सगळे शाळेत एकाच रीतीनं गाणं शिकवतो: 'माझ्या मागून म्हणा.' बाई एक ओळ म्हणतात, थांबतात, लेकरं तीच ओळ म्हणतात. मधे बाई श्वास घेतात, 'शाब्बास' म्हणतात, मागच्या रांगेतल्या एखाद्यावर डोळे वटारतात. समूहगीताला, प्रार्थनेला हे चालतं. पण त्यात लेकरू शब्द आणि चालीबरोबर आणखी एक गोष्ट शिकतं, ती म्हणजे थांबणं. ओळ संपली, बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग मी तोंड उघडायचं. दिवसातून शंभर वेळा हे झालं की ते अंगात मुरतं.

गोंधळात, पोवाड्यात, भारुडात झीलकऱ्याचं, म्हणजे मागं उभं राहून साथीला गाणाऱ्याचं, काम नेमकं उलटं असतं. नायकाच्या, म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या, तोंडात शेवटचा शब्द अजून आहे, तोवर झीलकऱ्यानं तो उचलायचा. शाहिराच्या मागचं 'जी जी रं जी' म्हणजे तेच. झील चालू असते तेवढ्यात नायक दम घेतो, पुढची ओळ आठवतो, एखाद्या म्हाताऱ्या पाव्हण्याची फिरकी घेतो. झील उशिरा आली की नायकाला श्वासाला जागाच राहत नाही आणि गाण्याला भोक पडतं. संबळ वाजवणारा तर कुणासाठीच थांबत नाही, आणि थांबूही नये. म्हणून झील म्हणजे मागचा कोरस असं समजू नका. गाण्याचा अर्धा भार तिच्यावर असतो.

मग आठ दिवस मला हे ऐकू कसं आलं नाही? कारण ओळ संपली की मी पेटीवर दोन-चार सूर फिरवायची. भोकं मीच बुजवत होते. समारोपाला पेटी बाजूला ठेवली, लेकरं उभी राहिली, आबांनी संबळ कमरेला बांधला आणि सगळी भोकं उघडी पडली. नंतर मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. प्रत्येक ओळीमागं तालाचं जवळजवळ अर्धं आवर्तन मोकळं.

आबांनी तिसऱ्याच दिवशी विचारलं होतं, "बाई, लेकरं कामून थांबायलेत?" मी म्हणाले, "आधी पाठ होऊ द्या आबा, मग लयीत घेऊ." ते "बरं" म्हणाले आणि संबळाच्या काड्या पुसत बसले. ते 'बरं' नीट ऐकायला शिका. सर्टिफिकेटवाल्या माणसापुढं ही माणसं दुसऱ्यांदा बोलत नाहीत. गप्प बसले म्हणजे पटलं असं नसतं.

पुढच्या वर्षी मी आबांच्या घरी जाऊन विचारलं, तुम्हाला कसं शिकवलं? ते हसले. "शिकवलं कोनी? बापानं हातात झांज दिली, मागं हुबा केला." दोन-तीन वर्षं फक्त झील. नायकाचे शब्द आपोआप पाठ झाले, कुणी 'म्हणून दाखव' म्हटलं नाही. एवढा वेळ आपल्याकडं नसतो, पण क्रम तर तोच ठेवता येतो. मी ठेवला. पहिले दोन दिवस कुणालाच नायकाची ओळ द्यायची नाही. सगळ्यांना झील, तीही उभं राहून, पाय हलवत. आख्खं पद सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुणी चुकलं तरी थांबायचं नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत कागद वाटायचा नाही, कारण कागदावरसुद्धा ओळ संपते आणि डोळे तिथंच अडकतात. पेटी पाचव्या दिवसापर्यंत पेटीतच.

पहिले दोन दिवस नुसता गलका होईल. आयोजक दारात येऊन बघून जातील. तुम्हाला वाटेल, आपल्याला जमत नाही, गप प्रार्थना शिकवावी. घाबरू नका. माझ्याकडं चौथ्या दिवशी दुपारी, जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या तासाला, एका पोरीनं माझा शब्द संपायच्या आत झील उचलली. मीच दचकून थांबले. आबा वाजवतच राहिले आणि पोरीही.

आणखी काही गोष्टी, सुचतील तशा.

गोंधळाची मांडणी तुम्हाला माहीत असेलच: चौक मांडणं, घट, गण (गणपतीचं स्तवन), आवाहन (देवदेवतांना बोलावणं), आख्यान (कथा), आरती. त्यातलं काय तालमीत म्हणायचं आणि काय नाही, हे ज्यांची परंपरा आहे त्यांना आधी विचारा. आवाहनात तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी नावं घेऊन बोलावली जातात. दिवटी पेटल्याशिवाय आबा ते म्हणत नाहीत. तालमीपुरते त्यांनी दुसरेच शब्द घातले. संबळ ओलांडू नका, पोरांनाही ओलांडू देऊ नका. कवड्यांची माळ ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं आणू नका. एका आयोजकांनी आणली होती, आणि आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

सुराचं म्हणाल तर काळी दोन, काळी चार हे पेटीच्या पट्टीवरचे ठरलेले सूर विसरा. तुणतुण्याची खुंटी त्या दिवशी नायकाचा आवाज जिथं लागतो तिथं पिळायची. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी संबळाचं चामडं तडतडीत ताणतं, पहाटे उतरतं. वाद्यच दिवसभर एका जागी बसत नाही, तिथं मोबाइलवरचा तानपुरा लावून काय साधणार?

ट्रॅकवर गाणं बसवणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. ट्रॅक नायकाच्या श्वासाकडं बघत नाही. एका तासासाठी येऊन शाल-श्रीफळ घेऊन 'लोककला जपा' सांगून जाणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही. त्या तासाला चहावाल्याला वर्गात बोलवा, तो निदान हरिपाठात टाळ धरतो.

भारूड घेणार असाल तर एक करा. पैठणच्या संत एकनाथांनी (१५३३–१५९९) वासुदेव, गोंधळी, जोशी ही दारात येणारी माणसं उचलून भारुडात उभी केली. ऐकणाऱ्यानं ती बघितलेली असायची. आपल्या लेकरांनी वासुदेव फक्त फॅन्सी ड्रेसमध्ये बघितलेला असतो. भारुडाआधी एका सकाळी खरा वासुदेव बोलवा, मोरपिसांची टोपी आणि टाळ-चिपळ्यांसकट. अर्थ समजावण्यातला निम्मा वेळ वाचतो.

जात्यावरच्या ओव्यांसाठी गंगाखेडकडच्या एक आजी आल्या होत्या. खुर्चीत बसवून माइक दिला तर दोन ओव्यांवर अडल्या, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आठवंना माय." शाळेच्या मागं पोषण आहाराच्या खोलीत जुनं जातं पडलं होतं, ते आणलं. आजींनी आधी ओंजळभर ज्वारी मागितली, रिकामं जातं ओढत नाहीत म्हणून. समोर एका पोरीला खुंट्याला हात लावायला बसवलं. घरघर सुरू झाली आणि माघारी ओवीमागून ओवी. ज्वारी संपली तेव्हाच थांबल्या. खुर्ची-माइकची हौस असलेल्या आयोजकांशी भांडायचं असेल तर इथं भांडा.

एक गोष्ट नाजूक आहे. आबांचा स्वतःचा नातू शिबिरात होता आणि संबळाला हात लावत नव्हता. शाळेत त्याला 'मागत्या' म्हणून चिडवलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर 'हा तर परंपरेचा वारस' म्हणून त्याला पुढं ओढाल. नका ओढू. त्याला झांज द्या, मागं उभं राहू द्या, चिडवणाऱ्याला शेजारी ठेवा. हलगी आणायची असेल तरी आधी हा विचार करा. कोणतं वाद्य कुणाच्या गळ्यात कसं आलं हे गावात सगळ्यांना माहीत असतं, लेकरांनासुद्धा.

आणि पैसे. लाजू नका, जायच्या आधीच विचारा. पहिल्या वर्षी मला आबांच्या दुप्पट मानधन होतं, आणि त्यांच्या तुणतुणेवाल्याला तर काहीच नाही, 'तो त्यांचाच माणूस' म्हणून. आता मी आधीच सांगते: आबांना माझ्याएवढं, तुणतुणेवाल्याचं वेगळं, दोघांचं एसटीचं भाडं वेगळं, आणि सगळं रोख, समारोपाच्या सकाळी. चेक देतो म्हणाले तर बँक कुठल्या गावात आहे ते विचारा. रात्री कार्यक्रम संपला की आयोजक मंडप सोडण्यात गुंततात आणि आबांची पहिली गाडी पहाटे पावणेसहाला असते.