गावात नवे आहात आणि सामान गाळ्यात ठेवताय? खान्देशात या चुका टाळा

दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळी गाळ्याचे मालक दारात आले. ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि उठता उठता म्हणाले, "ताई, गाळा खाली करना पडी. कापूस येई ऱ्हायना." म्हणजे कापूस येतोय, गाळा रिकामा करावा लागेल.

पुण्याहून अमळनेरला येऊन आम्हाला जेमतेम साडेपाच महिने झाले होते. तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात न मावलेलं सगळं सामान, म्हणजे बेचाळीस खोकी, दोन कपाटं, दिवाण आणि जुना फ्रिज, त्या गाळ्यात होतं. मालकांची काही चूक नव्हती. एप्रिलमध्ये गाळा रिकामा दिसला म्हणून आम्ही घेतला. तो रिकामा का आहे, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

मोठ्या शहरांत आता सामान ठेवायला कंपन्यांच्या खोल्या मिळतात. दर महिन्याला भाडं भरायचं, कुलूप आपलं, कॅमेरा त्यांचा, आणि वर्षभर कोणी काही विचारत नाही. पारोळा, शहादा, दोंडाईचा, चोपडा अशा गावांत तुम्हाला मिळेल तो एखाद्या व्यापाऱ्याचा गाळा, शेतकऱ्याचं पत्र्याचं शेड किंवा कोणाच्या वाड्यातली बंद खोली. ती जागा मुळात पिकासाठी बांधलेली असते. मधल्या काळात ती आपल्याला मिळते, इतकंच. हे एकदा नीट समजलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: जागा पाहिली, हंगाम पाहिला नाही

खान्देशात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस आणि मका घरात यायला लागतो. भाव चढेल या आशेने शेतकरी कापूस साठवून ठेवतो आणि व्यापाऱ्याचं गोदाम भरतं. म्हणून एप्रिल ते सप्टेंबर जागा सहज मिळते, भाडंही कमी सांगतात. ऑक्टोबर लागला की तीच जागा मालकाला हवी असते. गहू-हरभऱ्याच्या भागात हीच ओढाताण फाल्गुन-चैत्रात होते.

गाळा ठरवताना तीन प्रश्न विचाराच. गेल्या दिवाळीला इथे काय ठेवलं होतं? यंदा काय ठेवणार? आणि जागा लागली तर मला किती दिवस आधी सांगाल? मालक माणूस म्हणून कितीही चांगला असला तरी पीक दारात आल्यावर त्याचाही नाइलाज असतो. वर्षभरासाठी जागा हवी असेल तर ज्याचा शेतमालाशी संबंध नाही अशा माणसाची शोधा. निवृत्त शिक्षकांची बंद खोली किंवा मुलं बाहेरगावी असलेल्या घराचा वरचा मजला चालेल. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

दुसरी चूक: पत्र्याखाली काय ठेवू नये, याचा विचार न करणं

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४५ अंशांवर जातो. तो सावलीतला आकडा. बंद शटर आणि वर पत्रा असलेल्या गाळ्यात दुपारी दोन वाजता मी एकदा गेले, तर कुलपाला हात लावता येईना. आत खोक्यांच्या चिकटपट्ट्या उकलून लोंबत होत्या. कपाटाच्या कडेचा सनमायका सुटून वर आला होता. आणि आमच्या लग्नाच्या अल्बममधले फोटो प्लॅस्टिकच्या पानांना चिकटून बसले होते. मी घाईने एक पान ओढलं आणि सासऱ्यांच्या चेहऱ्याचा रंग त्या प्लॅस्टिकसोबत निघून आला. ते आता नाहीत, आणि त्या फोटोची दुसरी प्रत आमच्याकडे नाही.

म्हणून कळकळीने सांगते: फोटो, कागदपत्रं, दाखले, औषधं, टीव्ही, कॅसेट आणि फोमच्या गाद्या पत्र्याखाली ठेवू नका. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही तरी चालेल, या वस्तू घरात पलंगाखाली ठेवा. गाळा स्लॅबचा असेल तर थोडा फरक पडतो. पश्चिमेकडे शटर नसेल तर आणखी बरं.

फोटो चिकटलेच असतील तर ओढू नका. आधी ते पान आहे तसंच मोबाइलवर टिपून ठेवा. अल्बम दोन-तीन दिवस थंड, कोरड्या खोलीत राहू द्या. मग दात साफ करायचा बारीक दोरा फोटोच्या खालून हळूहळू सरकवत न्या. जिथे अडेल तिथे थांबा. सनमायका सुटला असेल तर सुताराकडे द्या. तो फेव्हिकॉल लावून शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवतो, पुन्हा नीट बसतो.

पावसाळ्यात फरशी काय करते

तापी-गिरणेच्या खोऱ्यातली बरीचशी जमीन काळी कसदार. कापसाला उत्तम, बांधकामाला त्रासदायक. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि वरची फरशी आणि भिंत तिच्यासोबत हलते. म्हणून उन्हाळ्यात कोरडा खणखणीत दिसणारा गाळा श्रावणात खालून ओलावतो. पाहायला जाल तेव्हा भिंतीच्या खालच्या दोन फुटांकडे बघा. लोणा लागून पांढरी पूड सुटत असेल, रंगाचे पोपडे निघाले असतील तर तिथे ओल येते, मालक काहीही म्हणोत. शेजारच्या दुकानदाराला विचारा की गेल्या पावसात रस्त्यावरचं पाणी कुठवर आलं होतं. नदी-नाल्याजवळची जागा स्वस्त असते, पण २०२१ च्या ऑगस्टअखेर चाळीसगावात नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं, ते विसरू नका.

खोकी थेट फरशीवर ठेवू नका. विटा मांडून त्यावर फळ्या टाका, भिंतीपासून हातभर अंतर ठेवा. हे अंतर वाळवीसाठी. ती भिंतीवरून मातीच्या नळ्या करत चढते, आणि मागे जागा असेल तरच त्या दिसतात. सामान प्लॅस्टिकच्या कागदात गच्च गुंडाळण्याची चूकही बरेच जण करतात. आतली वाफ आतच राहते आणि गादीला बुरशी धरते. जुनी सुती चादर पांघरा, तेवढं पुरे. वाळवी लागलीच तर ते खोकं घरात आणू नका. बाहेर उन्हात उघडा, पुस्तकं एकेक झटका, खोकं जाळून टाका. महिन्यातून एकदा गाळा उघडून तासभर वारा खेळू द्या. आम्ही जून ते ऑगस्ट फिरकलोच नाही.

शेजारी कोण आहे तेही बघा. त्याच शेडमध्ये खताच्या गोण्या असतील तर जागा घेऊ नका. खत हवेतली ओल ओढतं, त्याने लोखंडी कपाटं गंजतात, आणि कीटकनाशकाचा वास कपड्यांतून महिनोन्‌महिने जात नाही. धान्याचं गोदाम असेल तर उंदीर असणारच. विष ठेवू नका, मेलेला उंदीर खोक्यांच्या मागे सापडत नाही. पिंजरा लावा.

कागद करायला लाजू नका

छोट्या गावात करार म्हटलं की समोरच्याला अविश्वास वाटेल, असं आपल्यालाच वाटत राहतं. आम्हीही लाजलो. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, लिव्ह अँड लायसन्ससुद्धा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नुसती नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. हे मालकाला शांतपणे, चहा पिताना सांगा. "आप्पा, तुमच्याच सोयीचं आहे" म्हणालात तर बहुतेक जण तयार होतात. करारात किती दिवसांच्या नोटिशीवर जागा सोडायची, दुसरी किल्ली कोणाकडे आणि गळती झाली तर दुरुस्ती कोणी करायची, या तीन गोष्टी लिहून घ्या. आत काय ठेवलंय त्याची यादी आणि फोटो स्वतःजवळ ठेवा. खोक्यावर नुसतं "किचन" लिहू नका, "पुरणयंत्र, मोठी पातेली, ३" असं लिहा. सणाच्या आदल्या दिवशी बेचाळीस खोक्यांत पुरणयंत्र शोधणं काय असतं, ते मला विचारा.

भरलेला गॅस सिलिंडर टेम्पोत आणू नका आणि गाळ्यात तर मुळीच ठेवू नका. जुन्या एजन्सीला सिलिंडर-रेग्युलेटर परत करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, इथे अनामत भरून कनेक्शन मिळतं. फ्रिज आतून कोरडा पुसा आणि दारात कापडाची घडी अडकवून ते किंचित उघडं ठेवा. इन्व्हर्टरची बॅटरी गाळ्यात पडून मरते, ती घरीच जोडा. दुचाकी ठेवणार असाल तर टाकी रिकामी करा. मतदारयादीतला पत्ता बदलायला नमुना ८ भरावा लागतो, तेही लगेच उरका.

घर आणि माणसं

मुहूर्त चांगला म्हणून आम्ही आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, सामान आणलं. त्या दिवशी खान्देशात सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं) जुनं वर्ष संपून नवं सुरू होतं, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. त्या दिवशी हमाल कुठून मिळणार? टेम्पोवाला दारात उभा, आम्ही दोघं आणि एक कपाट. शेवटी गल्लीतली चार पोरं पुरणपोळीच्या ताटावरून उठून आली आणि तासाभरात सगळं उतरवून गेली. पैसे घेतले नाहीत. तुम्ही मात्र सणाच्या मागे-पुढे आठवडा सोडूनच तारीख ठरवा.

घर पाहताना पाणी किती दिवसांआड येतं ते विचारा, आणि मालकाला नव्हे, शेजारणीला विचारा. इथल्या बऱ्याच गावांत नळ रोज येत नाहीत, उन्हाळ्यात अंतर आणखी वाढतं. टाकी किती लिटरची आहे यावर घरभाडं ठरवलं तरी चूक नाही. वरचा मजला हवेशीर म्हणून घेऊ नका. वैशाखात स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो.

भाषेबद्दल एक गोष्ट मला फार जिव्हाळ्याची वाटते. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या पश्चिम भागात अहिराणी बोलतात. भुसावळ, यावल, रावेरकडे लेवा गणबोली. "कथाईन उनात?" असं कोणी विचारलं तर ते कुठून आलात एवढंच विचारतायत. या बोलीला अशुद्ध मराठी समजू नका आणि दोन दिवसांत नक्कल करायलाही जाऊ नका. आपल्या मराठीत उत्तर द्या, कान उघडे ठेवा, बोली आपोआप येते.

श्रावणात कानबाई या देवीचा सण येतो. शेजारी गाणी, गर्दी, रोटांचा (देवीच्या प्रसादाचा) वास, आणि आमच्याकडे ताट आलं नाही. माझं मन खट्टू झालं. नंतर कळलं की कानबाईचे रोट भाऊबंदांतच खातात, बाहेर देत नाहीत. त्यात आपपरभाव नसतो, ती रीत आहे. तुमच्या मनात असा गैरसमज आला तर सरळ विचारा, लोक आनंदाने सांगतात. आणि चैत्रात कोणाच्या गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) घालायचं चाललं असेल तर बोलावण्याची वाट पाहू नका. पोळपाट घेऊन जा. माझ्या गल्लीतल्या निम्म्या ओळखी तिथे झाल्या.

गाळा आम्ही धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी सोडला. सामान काढताना लक्षात आलं की बेचाळीसपैकी सत्तावीस खोकी आम्ही एकदाही उघडली नव्हती. त्यातलं बरंचसं तिथल्या तिथेच देऊन टाकलं, उरलेलं घरात मावलं. सोडताना विजेच्या मीटरचा फोटो काढा, झाडून घ्या, अनामत परत घेतल्याची दोन ओळींची पावती करा. आमचं कुलूप निघालं आणि संध्याकाळी पहिली गाडी लागली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आमच्या विटा-फळ्या तशाच ठेवून मालकांनी त्यावर ताडपत्री अंथरली होती, आणि कापूस पत्र्यापर्यंत पोचला होता.