वस्तीतल्या स्वच्छतेच्या कामात येताय? आधी टँक कोण उपसणार ते विचारा

सोशल वर्क, सिव्हिल, प्लॅनिंग काहीही शिकून या कामात येणाऱ्या मुलामुलींना मी एकच सांगते, पहिला महिना प्रेझेंटेशन बनवू नका, पहाटे 5 ला वस्तीतल्या संडासच्या लाईनीत जाऊन उभं राहा. कुठल्या दाराला कडी नाही, पाणी कधी जातं, लहान पोरं बाहेरच का बसतात (आत अंधार असतो, पडायची भीती वाटते त्यांना) हे सगळं तिथेच कळतं, सर्व्हेच्या फॉर्ममध्ये येत नाही. रात्री जायला लागू नये म्हणून बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत हेही मला तिथेच कळलं आणि अजून डोक्यातून जात नाही.

माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये, वस्तीत सार्वजनिक संडासचा ब्लॉक बांधायचा होता, महापालिका, एका कंपनीचा सीएसआर (कंपन्यांचा समाजकामाचा निधी), आमची संस्था आणि वस्तीचं मंडळ असे चौघं होते. बांधकाम छान झालं, टाईल्स, लाईट सगळं. पण सेप्टिक टँक बोळाच्या पार टोकाला, सक्शनची गाडी आत येईना, पाईप पुरेना, आणि उपसायचा खर्च कोणाचा हे करारात लिहिलेलंच नव्हतं. टँक भरला, मैला वर आला, ब्लॉकला कुलूप लागलं. चौघंही दुसऱ्याकडे बोट दाखवत होते आणि खोटं कोणीच बोलत नव्हतं, प्रत्येकाने आपल्या वाट्याचं केलंच होतं, मधलं काम कोणाच्याच वाट्याला नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं माणूस उतरवू. असं कोणी म्हटलं की तिथल्या तिथे नाही म्हणायचं, टँकमधल्या गॅसने माणूस काही मिनिटांत जातो आणि संरक्षक साधनांशिवाय उतरवणं आपल्याकडे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

कामं वाटायची कशी हे शिकायला पाकिस्तानात कराचीतल्या ओरंगी या मोठ्या वस्तीतला ड्रेनेजचा प्रकल्प नीट अभ्यासा. समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी तो 1980 मध्ये सुरू केला. घरातला संडास, गल्लीतली ड्रेनेज लाईन आणि ती पुढे जोडणारी लाईन लोकांच्या पैशाने, मोठी लाईन आणि सांडपाण्यावरची प्रक्रिया सरकारकडे. 20-30 घरांची एक गल्ली हे युनिट, कारण तेवढी घरं एकमेकांना ओळखतात, पैसे कोणाकडे जमा आहेत तेही माहीत असतं. खान यांच्या संस्थेने बांधकामाला पैसे नाही दिले, लेव्हल (जमिनीचा चढउतार) काढून दिली, नकाशे, एस्टिमेट, अवजारं दिली. म्हणून म्हणते, लेव्हल आणि उतार काढायला शिकाच, मग शिक्षण कुठलंही असो. उतार चुकला की बाकी सगळं फुकट जातं.

कचऱ्याच्या कामात नवीन लोक डबे वाटण्यापासून सुरुवात करतात. त्याआधी वस्तीतल्या कचरावेचकांशी आणि भंगारवाल्यांशी बोला, नाहीतर तुमच्या प्रोजेक्टने त्यांचीच रोजी जाते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही वेचकांची संघटना 1993 पासून आहे, तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला. वेचक दारोदार कचरा घेतात, घरं फी देतात, सुका माल विकून आलेले पैसे वेचकांचे. पण गरीब वस्तीत सुका माल कमी निघतो आणि फी पण पूर्ण येत नाही, तिथली तूट महापालिकेने भरायची हे करारात पहिल्या दिवशीच लिहून घ्या. आणि हे काम संडासपेक्षा वेगळं समजू नका, न उचललेला कचरा गटारात जातो, गटार तुंबलं की घाण पाणी घरात.

अजून एक, मिटींग झाली की त्याच दिवशी कोण काय करणार ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. अधिकाऱ्यांची बदली होते, सीएसआरचं वर्ष संपतं, पण कागद राहतो. पालिकेच्या बजेटमध्ये देखभालीचे पैसे कुठल्या हेडखाली आहेत तेही शोधून ठेवा.

आमचा तो ब्लॉक सात महिन्यांनी उघडला. आम्ही टँकपासून रस्त्यापर्यंत उपसायचा पक्का पाईप टाकला, खर्च महापालिकेने लेखी घेतला, चावी बायकांच्या बचत गटाकडे गेली. पुढच्या उपशाची तारीख त्यांनी दाराशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवली, दर वेळी खोडून नवीन लिहितात.