हळदीची काढणी-शिजवणी आली: मोठ्या बागायतदारांचं काय घ्यायचं, काय सोडायचं

फेब्रुवारी लागला की शिरोळ-हातकणंगल्याच्या पट्ट्यात हळदीचा पाला पिवळा पडून सरीत लोळायला लागतो आणि त्याच टायमाला मोबाईलवर "एकरी 40 क्विंटल" वाले व्हिडिओ पण सुरू होतात. बघायला कुणाची ना नाही, मी पण बघतो. हे मोठे बागायतदार खोटं बोलतात असंही नाही, त्यांची हळद खरंच नाद खुळा असते. पण त्यांनी केलं म्हणून आपण उचललं असं करून चालत नाही, कारण त्यांचं रान वेगळं, पाणी वेगळं, माणसं वेगळी आणि मुख्य म्हणजे त्यांचा हिशोब मांडायची पद्धत वेगळी.

पहिला प्रश्न हाच विचारायचा, दादा 40 क्विंटल म्हणजे ओली का वाळलेली? शिजवून वाळवून पॉलिश केलेली? का नुसती वाळवलेली? गड्डे धरून का फक्त हळकुंडं? ह्याच्यात फरक जमीन-अस्मानाचा पडतो. ओल्या हळदीचा वाळून उतारा साधारण 18 ते 22 टक्के पडतो, म्हणजे 100 क्विंटल ओली काढली तर हातात 18 ते 22 क्विंटल. ह्यातला 18 का 22 हा जो 4 क्विंटलचा फरक आहे ना, तो थोडा वाणाचा, थोडा पाणी कधी तोडलं त्याचा आणि बराचसा काढणीनंतरच्या महिन्याभरातल्या कामाचा आहे. लागणीत गादी वाफा केला, ड्रीप टाकलं, विद्राव्य खतं सोडली, सगळं बरोबर केलं आणि शेवटी शिजवणीत घाई केली की पट्टीत, म्हणजे व्यापाऱ्याच्या विक्रीच्या हिशोबात, दर पडतो. म्हणून ह्या वेळी बघायचं असेल तर त्यांची लागण बघू नका, ती मे महिन्यात बघा, आत्ता त्यांचं खळं बघा.

आता पाण्याचं. चांगले शेतकरी पाणी एकदम तोडत नाहीत, हळूहळू कमी करत आणतात आणि मग बंद करतात, आणि हे आपण डोळे झाकून घ्यावं असंच आहे. पाल्यातला आणि खोडातला रस कंदात उतरतो, वजन भरतं, हळकुंड गोल होतं. पण किती दिवस आधी तोडायचं हे मात्र व्हिडिओवाल्याचं नाही तर आपल्या रानाचं ऐकायचं. नदीकाठच्या काळ्या भारी रानात महिनाभर आधी, पन्हाळ्याकडच्या हलक्या मुरमाड रानात पंधरा दिवस पुरतात. हलक्या रानात महिनाभर पाणी तोडलं तर कंद सुकतोय आणि भारी रानात पंधरा दिवसच तोडलं तर खणताना चिखल हळकुंडाला चिकटून येतोय, तो मग धुवा नाहीतर तसाच शिजवायच्या ड्रममध्ये घाला, दोन्हीकडून कटकट.

सेलम वाणाला साडेआठ-नऊ महिने पूर्ण होऊ द्या. शेजाऱ्याकडं हळद वाफेवर शिजवायचा बॉयलर आलाय, रिकामा उभा आहे, चला आपली पण उरकून घेऊ म्हणून कच्ची हळद काढायची नाही. ऊस तोडणीच्या टोळ्या ह्याच दिवसात फिरत असतात त्यामुळं मजूर मिळत नाहीत हे खरंय, पण कच्च्या हळदीला उतारा कमी आणि वाळल्यावर ती सुरकुततेय. पाला जमिनीपासून इंचभर वर धारदार विळ्यानं कापा, पाला बांधावर घ्या (तो पुढं लागणार आहे, जाळू नका) आणि रान चार-पाच दिवस तापू द्या. भेगा पडल्या की मग खणायला घ्या.

ट्रॅक्टरच्या काढणी यंत्राबद्दल लई जण विचारतात. गादी वाफ्यावरची हळद असेल, रान भुसभुशीत असेल तर यंत्र चांगलं, वेळ वाचतोय. सरी-वरंब्यावरची जुन्या पद्धतीची लागण असेल तर माझं मत टिकावच बरा, कारण यंत्राचं पातं खोल गेलं नाही तर हळकुंडं तुटून निम्मी मातीत राहतात आणि मग बायकांना परत वेचायला लावायचं, म्हणजे मजुरी दोनदा. मोठ्या बागायतदाराचं रान यंत्र डोळ्यासमोर ठेवूनच लागलेलं असतं, हे तो व्हिडिओत सांगत नाही कारण त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. काढलेले कंद दोन-तीन दिवस उन्हात पडू द्या, माती सुकून झडते, मग आपटून हळकुंडं मोकळी होतात.

मग निवड. जेठे गड्डे (मुख्य खोडाखालचे) वेगळे, बगल गड्डे (बाजूच्या फुटव्यांखालचे) वेगळे, हळकुंडं वेगळी आणि सोरा गड्डा, म्हणजे ज्याच्यापासून रोप आलं तो जुना काळा पडलेला, तो बाजूला. हे सगळं एकत्र शिजवणारा माणूस कितीही मोठा बागायतदार असू दे, त्याचं ऐकू नका. गड्ड्याला शिजायला वेळ जास्त लागतो. एकत्र घातलं तर गड्डा शिजेपर्यंत हळकुंडाचा गाळ होतोय, नाहीतर हळकुंड शिजल्यावर काढलं तर गड्डा आतून कच्चा.

आणि एक लई महत्त्वाचं, शिजवायच्या आधी बेणं काढून ठेवा. आधी. मागनं आठवण येऊन उपयोग नाही.

काढणी झाल्यावर चार-पाच दिवसांच्या आत शिजवा, ढीग घालून ठेवला तर आतून गरम होतोय आणि कुजतोय. आता काहील का बॉयलर? आपल्या भागात गुऱ्हाळांमुळं काहिली घरोघर होत्या, गुळाचं झालं की त्याच काहिलीत हळद, तळाला हळदीचा पाला, वर हळद, वर चार बोटं पाणी, परत पाला आणि गोणपाट झाकून जाळ. पाणी तापून उकळी येण्यापासून सगळं धरून अडीच-तीन तास जातात आणि जळण लई लागतंय, शिवाय तळाची हळद जास्त शिजते आणि वरची कमी. बॉयलरची वाफ ड्रममध्ये सोडली की अर्ध्या तासाच्या आतबाहेर काम होतं आणि बऱ्यापैकी एकसारखं होतं. म्हणून बॉयलर भाड्यानं मिळत असेल तर काहिलीच्या नादाला लागू नका. पण स्वतःचा बॉयलर घ्यायचा का, तर एक-दोन एकरवाल्यानं अजिबात नको, मोठे लोक घेतात कारण ते स्वतःची झाली की गावाची शिजवून देतात, त्यांचा पैसा तिथनं निघतोय.

भाड्याच्या बॉयलरची एक गोम आहे. दर ड्रमवर असतो, त्यामुळं बॉयलरवाल्याला घाई असते, आणि संध्याकाळच्या शेवटच्या दोन-तीन ड्रमांना हमखास वाफ कमी मिळते. आमची एका वर्षी अशीच शेवटची हळद अर्धवट निघाली, वाळवताना काही कळलं नाही, पट्टीला गेल्यावर व्यापाऱ्यानं हळकुंड मोडलं आणि आतला रंग बघून पोतंच बाजूला सारलं. म्हणून ड्रमजवळ घरातलं कुणीतरी उभं पाहिजे. बघायचं काय तर पहिलं, ड्रममधनं पांढरी वाफ जोरात येते आणि कच्च्या वासाच्या जागी हळदीचा ओळखीचा वास सुटतो, तो सुटला की झाऱ्यानं मधलं हळकुंड बाहेर काढायचं, वरचं नाही, मधलं. अंगठा आणि बोटात दाबलं की दबलं पाहिजे, बाभळीचा काटा नाहीतर काडी टोचली की सहज आरपार गेली पाहिजे. मग मोडून बघायचं. आत कडेपासून मधापर्यंत एकच रंग पाहिजे, मध्ये फिकट कच्चा ठिपका दिसला की अजून पाच मिनिटं. आणि दाबल्यावर लगदा झाला तर जास्त शिजलीय, रंग मळकट येणार, त्याला आता इलाज नाही, पुढचा ड्रम लवकर काढा एवढंच.

शिजवताना लोक रंगासाठी सोडा, चुना टाकतात, जुनी माणसं तर शेणाचं पाणी घालायची. काही टाकू नका. साधं स्वच्छ पाणी. शिजवण्याचा उद्देश कंदाची उगवण मारणं, आतला स्टार्च शिजवून रंग सगळीकडं सारखा पसरवणं आणि लवकर वाळवणं एवढाच आहे. कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळेपणा देणारा घटक, शिजवून वाढत नाही, ते वाण आणि रान ठरवतंय. राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रजच्या केंद्रानं काढलेल्या फुले स्वरूपा ह्या वाणाचं 5 टक्क्यांच्या आसपास सांगतात, ते काय बॉयलरनं आलेलं नाही. त्यामुळं कुणी "आमच्या पद्धतीनं शिजवा, कुरकुमिन डबल" म्हणून पावडर विकायला आला तर चहा पाजा आणि वाटंला लावा.

काही प्रगत शेतकरी शिजवतच नाहीत, कच्च्या हळदीचे काप करून सोलर ड्रायरमध्ये वाळवतात आणि थेट पावडर करून विकतात. चांगली गोष्ट आहे, लवकर वाळतं, जळण वाचतं. पण तुमचा माल सांगलीच्या सौद्यात जाणार असेल तर तिथं व्यापाऱ्याला हळकुंड पाहिजे, काप नकोत. स्वतःचं पॅकिंग, स्वतःचं गिऱ्हाईक असेल तरच ह्या वाटेला जा.

वाळवणीत आपल्याकडची खरी भीती वळवाची आहे. मार्चच्या शेवटाला दुपारनंतर आभाळ कधी भरून येईल सांगता येत नाही, आणि शिजवलेली हळद एकदा भिजली की रंग गेला, प्रत गेली, बुरशी लागली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचं वाळवणीचं टाइमटेबल आपल्याला चालत नाही. गुढीपाडव्याच्या आत खळं रिकामं करायचं डोक्यात ठेवा. हळद मातीवर टाकू नका, सिमेंटचं खळं नाहीतर ताडपत्री. थर दोन-अडीच इंचाचा. लवकर वाळावी म्हणून लोक एकपदरी पातळ पसरतात पण त्यानं रंग उडतोय, आणि लई जाड घातली तर आत वाफ धरते. दिवसातनं एक-दोनदा हलवा, पायानं नव्हे, दाताळ्यानं, रात्री ढीग करून झाका, दव बसू देऊ नका. ऊन चांगलं असेल तर हळकुंडं 10 ते 15 दिवसांत वाळतात, गड्डे मागं राहतात, त्यांना वेळ द्या. वाळली का नाही हे कानानं ओळखायचं, हळकुंड मोडलं की खट्ट असा धातूसारखा आवाज आला पाहिजे. वाकून मोडत असेल तर अजून पाणी आहे. शेवटी 8 ते 10 टक्के ओलावा राहिला पाहिजे.

ज्याला खरंच तपासायचंय की शेजारच्या बागायतदाराची पद्धत आपल्याला लागू पडते का, त्यानं एक साधं काम करावं. 100 किलो ओली हळकुंडं काट्यावर तोलून वेगळी घ्या, लाल सुतळी बांधलेल्या जाळीच्या पोत्यात भरून ड्रममध्ये घाला, वेगळ्या ताडपत्रीवर वाळवा आणि परत तोला. दुसरी 100 किलो आपल्या पद्धतीनं. दोन्ही एकाच रानातली, एकाच दिवशी काढलेली पाहिजेत नाहीतर काही अर्थ नाही. वजन तर बघाच पण मोडून रंग पण बघा. कृषी सहाय्यक, दुकानदार, यूट्यूब कुणालाच विचारायची गरज नाही, काटा सांगतोय.

पॉलिशला फार बोलत नाही. ड्रम फिरवून वरची साल आणि मुळ्या निघाल्या की बास, त्यात 5 ते 8 टक्के वजन जातंय, ते हिशोबात धरा. चकाकी यावी म्हणून जास्त फिरवत बसलं की वजन भुकटी होऊन उडतंय. आणि रंग लावायचा तर घरच्याच हळदीची पावडर पाण्यात कालवून शिंपडा. पिवळा रंग म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट वापरतात, त्यात शिसं असतं, ते विष आहे आणि बेकायदा आहे. बांगलादेशात गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं आणि त्याचा माग काढत गेले तर तो हळदीपर्यंत निघाला. सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, एकाच्या पोत्यात असलं काही सापडलं तर सगळ्यांचा दर जातोय.

लगेच विकायची नसेल तर साठवण. पूर्वी हरिपूरला पेवात ठेवायचे, जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं टिकायची, 2005 च्या पुरानं त्या पेवांचं वाटोळं केलं. आता घरी ठेवताना पोती फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून फूटभर लांब, पावसाळ्याच्या आधी एकदा ऊन दाखवा. किडा लागेल म्हणून पोत्यात पावडरी टाकू नका आणि धुरीच्या गोळ्या राहत्या घरात तर अजिबात नको, जीव जातो त्यानं.

आणि ते बाजूला काढलेलं बेणं. जेठा गड्डा, 50 ग्रॅमच्या वरचा, ज्या तुकड्यात कंदकूज दिसली नाही तिथलाच. एकरी 10 क्विंटलच्या आसपास लागतं. मोठ्या बागायतदाराकडनं विकत घेणार असाल तर आत्ता पोत्यातलं बघून काही कळत नाही, त्याचा प्लॉट नोव्हेंबर-डिसेंबरात उभा असताना बघायला पाहिजे होता, आता निदान त्याच्या शेजाऱ्याला तरी विचारा पाला वेळेआधी पिवळा पडला होता का, ती कंदकुजीची खूण असते. घरचं बेणं झाडाच्या सावलीत ढीग लावून ठेवा, वरनं हळदीचाच पाला टाका, तो बांधावर ठेवलेला. अक्षय्य तृतीयेपर्यंत त्याच्यावर पाणी मारू नका, मधनंआधनं उलथून कुजके असतील ते तेवढे वेचून टाका.