कोकणात जागा घेताय? मग आधी गडग्यापलीकडे जाऊन या

गेल्या महिन्यात एका मित्राचा फोन आला, पुण्याला असतो, दापोलीच्या बाजूला वीस गुंठे घेतलेत त्याने. म्हणे पाणी बघितलं, रस्ता बघितला, सातबारा वकिलाला दाखवला, आता कंपाउंड घातलं की काम सुरू. मी विचारलं शेजारी कोण, तर म्हणे एका बाजूला आंब्याची बाग आहे आणि एका बाजूला कौलारू घर आहे. म्हटलं अरे बाग आहे, घर आहे, पण माणूस कोण? तर गप्प. म्हणून हे लिहितोय, त्याला फोनवर सांगितलं ते आणि सांगायचं राहिलं ते पण.

मी गुहागर साइडचा, मधली बरीच वर्षं मुंबईत काढली आणि आता परत गावात. त्यामुळे घर बंद करून गेलेला शेजारी पण मीच आणि दुसऱ्यांची बंद घरं सांभाळणारा पण मीच, दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात.

शहरात कसं, दार लावलं, टीव्ही हळू ठेवला, लिफ्टमध्ये हसलं की तुम्ही चांगले शेजारी. इकडे तेवढ्यावर भागत नाही कारण आवारातलं सगळं गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, जातं. पाणी उतारावरून खालच्या घरात जातं, आग वाऱ्याबरोबर जाते, माड तुमचा पण नारळ पडतो पलीकडे, वानर तुम्ही फटाके लावून हाकललेत की ते थेट काकांच्या पपईवर. तुम्ही कितीही साधे असा, समोरच्याला त्रास होणारच आहे. मग करायचं काय, तर जे पलीकडे जाणार आहे त्याची खबर आपण त्याच्या आधी न्यायची. खाली जे काय लिहिलंय ते सगळं फिरून फिरून तिथेच येतं.

मोजणी आणि कंपाउंड

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे म्हणून जरा सविस्तर. मोजणीचा अर्ज केलात की भूमी अभिलेखवाले लगतच्या खातेदारांना नोटीस पाठवतात, ती जाणारच, पण पोस्टमन पोचायच्या आधी तुम्ही पोचा. संध्याकाळी जा, पडवीत बसा, चहा नको म्हणू नका, अर्धा कप म्हणा. आणि सरळ सांगा, "काका, जागा मोजून घेतोय, तुम्ही पण उभे रहा, तुमचा दगड कुठला ते तुम्हीच दाखवा." एवढं म्हटलं तरी माणूस निवळतो, कारण मोजणी म्हटल्यावर डोक्यात पहिलं येतं ते हा आता माझ्यात घुसणार.

आमच्याकडे माझ्या चुलत्यांनी हे केलं नाही. शेजारच्या तात्यांना एक शब्द न बोलता मोजणी आणली, नोटीस गेली तात्यांच्या मुंबईच्या भावाकडे कारण सातबारावर सामाईक बारा नावं आणि त्यातलं पहिलं त्याचं, त्याने रात्री फोन करून तात्यांना झापलं की तुझ्या नाकाखाली हे काय चाललंय. सकाळी तात्या गडग्यावर उभे. भांडण पावणेदोन फुटाचं, त्यात एक म्हातारा फणस. चुलते गेले, केस अजून चालू आहे, तारखांना आता मी जातो.

कंपाउंड घालताना दोन गोष्टी. एक म्हणजे वाट. तुमच्या जागेतून विहिरीवर, देवळात नाहीतर शेतात जाणारी पायवाट असेल, ती नकाशात दिसेलच असं नाही, पण पाऊलवाट डोळ्यांना दिसते, गवत बसलेलं असतं. तिथे चिऱ्याची भिंत घालून मोकळं होऊ नका. १८८२ चा वहिवाटीचा कायदा आहे, वीस वर्षं सलग, उघडपणे, हक्काने वापरलेल्या वाटेवर वापरणाऱ्याचा हक्क बसतो, आणि कोणी वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. हे माहीत असू द्या पण पहिल्या चहाला काढू नका, पडवीत बसून कलमं सांगणाऱ्याला कोणी दुसरा चहा देत नाही. मित्राला मी म्हटलं, वाटेवर बेडा, म्हणजे फाटक ठेव, गुरं आत येणार नाहीत असा लावून घे पण कुलूप घालू नको. पालखी त्याच वाटेने येत असेल तर बेड्याची रुंदी पालखी बघून ठरव, हे गावातल्या कोणालाही विचार, हसतील पण सांगतील.

दुसरं पाणी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो पण चार महिन्यांत. जुना गडगा नुसता दगडावर दगड रचलेला असतो, पाणी त्यातून पाझरून जातं. तुम्ही सिमेंटमध्ये भिंत बांधली की ते अडतं, वाट शोधतं आणि खालच्या घराच्या परसातून निघतं, मग जुलैमध्ये त्या काकी पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभ्या राहून चुलीतली लाकडं काढतायत आणि तुमचं नाव घेतायत. भिंतीला खाली पाणी जायला भोकं ठेवा, पऱ्या (पावसाळी ओहोळ) असेल तर त्याला हातच लावू नका. भोकं कुठे ठेवायची ते खालच्या घरवाल्याला विचारा, त्याने तीस-चाळीस पावसाळे ते पाणी बघितलंय, तुमच्या आर्किटेक्टने एक पण नाही.

आणि हो, माड गडग्याला चिकटून लावू नका. दोन माडांत साडेसात मीटर ठेवा म्हणतात ते उगाच नाही, झावळ्यांचा घेर तेवढा होतो.

आग

ही माझी स्वतःची चूक, म्हणून लिहायला लाज वाटते पण लिहितो. परत आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये भाजावळ, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला घेतली. पातेरा, कवळं, गवत सगळं व्यवस्थित पसरलं, वरती माती टाकली, आणि पेटवलं सकाळी साडेदहाला कारण त्याआधी चहा नाश्ता पेपर. कोणाला सांगितलं नाही, म्हटलं आपल्याच कोपऱ्यात तर करतोय. बारा वाजता समुद्रावरून वारा सुटला. तो रोजच सुटतो, मला माहीत होतं, पण मुंबईत एवढी वर्षं काढल्यावर ते डोक्यातून गेलेलं. बांधावरच्या सुक्या गवताला कधी लागलं कळलंच नाही, मी बादली आणेपर्यंत आग शेजारच्या वहिनींच्या काजूत. वाडीतली सात-आठ माणसं हिरवे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या घेऊन धावली, झोडून झोडून विझवली. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर दोन वर्षांची काजूची कलमं उभी होती पण पानं सगळी तपकिरी, हात लावला की चुरा, आणि ठिबकचा पाईप वितळून जमिनीला चिकटलेला, काळ्या पट्टीसारखा. वहिनी काही बोलल्या नाहीत. नुसत्या पाईप उपटत राहिल्या, मी पण उपटायला लागलो. कलमं आणि पाईप मी भरून दिले पण दोन वर्षं वाढलेलं झाड कसं भरून देणार.

तर, भाजावळ असो, पालापाचोळा असो, आदल्या दिवशी सांगायचं. मग समोरचा स्वतःच्या बाजूची जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेली पट्टी) बघून घेतो, पाईप उचलतो, आणि खरं सांगू, स्वतःच येऊन उभा पण राहतो. उजाडायला लावायची, वारा सुटायच्या आत संपवायची, पाणी आणि हिरवे टाळे हाताशी, आणि धूर पूर्ण बंद होईपर्यंत तिथून हलायचं नाही, जेवायला पण नाही.

फवारणीचं पण हेच. आंब्याला मोहोर आला की फवारे सुरू होतात, शेजारची विहीर उघडी असते, वाळत घातलेले कपडे असतात, पोरं खळ्यात खेळत असतात. तुमचा फवारा असेल तर आदल्या रात्री एक फोन. आणि तुम्ही बागेशेजारी राहायला आलेले असाल तर "आम्ही शुद्ध हवेसाठी आलो" हे बागवाल्याला ऐकवू नका, त्याचं वर्षाचं पोट त्या मोहोरावर आहे, कोणत्या दिवशी मारणार तेवढं विचारून ठेवा आणि विहिरीवर ताडपत्री टाका.

पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा येणार असेल तर तो सांगावा मात्र आनंदाने जातो. हल्ली पाडेली मिळणं म्हणजे लग्नाला मुलगी मिळण्यापेक्षा कठीण झालंय, एकाकडे आला की चार घरांचे माड उतरवून घ्यायचे. तुमचे नारळ पलीकडे पडले तर धावत उचलायला जाऊ नका, "काकी, आमचे दोन-तीन तुमच्यात गेलेत, राहू दे तुम्हाला" म्हणा. त्यातले निम्मे खोबऱ्याच्या वड्या होऊन परत येतात.

वास, आवाज, सण

मासे वाळत घातल्याचा वास येणार. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, त्याची बेगमी एप्रिल-मेमध्येच होते, बोंबील आणि सुकट त्याच दिवसांत अंगणात आणि तुमचे पाहुणे पण त्याच दिवसांत. तक्रार करू नका. कोंबडा साडेचारला आरवेल, त्याची पण करू नका. स्पीकरचं वेगळं, रात्री दहाला बंद हा नियम २००० सालापासून आहे, सणाचे ठरावीक दिवस बारापर्यंत सूट असते, पण तुमच्या घरात विकेंडला आलेल्या मित्रांची पार्टी हा सण नव्हे हे त्यांना तुम्हीच सांगा.

शिमग्यात पोरं होळीसाठी लाकडं चोरतात, गडग्यावर ठेवलेलं लाकूड सकाळी नसेल. एका नवीन आलेल्या साहेबांनी पोलिसांना फोन लावला होता, वाडी अजून हसते. पालखी घरी येणार असेल तर अंगण झाडून घ्या, नारळ-तांदूळ काढून ठेवा, माहीत नसेल तर शेजारच्या वहिनींना विचारा, त्या येऊन सगळं मांडून देतील. गणपतीत वाडीभर आरत्या घरोघरी फिरतात, तुमच्याकडे गणपती नसला तरी टाळ घेऊन जा. आरती पाठ नसली तरी चालतं, टाळ ठोकायला कुठे पाठ लागते.

गाडी असणाऱ्यांसाठी

तुमच्याकडे चारचाकी असेल तर रात्री-बेरात्री दार वाजणार हे धरून चाला. गडग्याच्या दगडांत फुरसं, हा विषारी साप असतो, पावसाळ्यात भातात, गवतात पाय पडतो. चावलं म्हटल्यावर १०८ ला फोन करा, पण ती गाडी लांब असेल तर वाट बघत बसू नका. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिक तर नाहीच. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, आणि सर्पदंशाची लस (म्हणजे विषावरचं इंजेक्शन) जिथे आहे त्या सरकारी दवाखान्यात सरळ न्यायचं. लस कुठल्या दवाखान्यात ठेवतात ते आजच विचारून घ्या, रात्री दोन वाजता विचारत बसू नका. आणि हो, नंतर पेट्रोलचे पैसे द्यायला येतील तर ते घेऊ नका पण त्यांनी आणलेली तांदळाची पिशवी घ्या, नाही घेतलीत तर पुढच्या वेळी ते दार वाजवायला संकोच करतात.

मयत झालं तर त्या घरात चूल पेटत नाही, तेव्हा पिठलं-भात नाहीतर मऊ भात शिजवून नेऊन ठेवायचा, विचारत बसायचं नाही. मुलगा मुंबईहून निघालेला असतो, तो पोचेपर्यंत ओटीवर बसून राहायचं. बोलायचं काय हा प्रश्न पडतो सगळ्यांना, काही बोलायचं नसतं.

तात्यांचं सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडची जी वाट लागली त्यामानाने आमच्याकडे कमी, पण तो म्हातारा फणस, भांडणातला, मुळासकट गडग्यावर आडवा. अर्धा आमच्यात, अर्धा त्यांच्यात, आणि वाट बंद. वारा पडल्यावर तात्या करवत घेऊन आले, "धर" म्हणाले, मी दुसरं टोक धरलं. अंधार पडेपर्यंत कापत होतो, झाडाबद्दल सोडून एक शब्द नाही. सकाळी बघतो तर तुकडे दोन ढिगात लावलेले, माझा ढीग माझ्या बाजूला, आणि मधली रेघ तात्या म्हणतात तिथे, पावणेदोन फूट आत. मी काही बोललो नाही. तारखेला आम्ही एकाच एस्टीने जातो, तिकीट आळीपाळीने काढतो.

घर बंद करून जाताना

किल्ली शेजारी ठेवायचीच. पण नुसती किल्ली फेकून जाऊ नका. काकींना घेऊन घरातून एकदा फिरा, मेन स्विच कुठे, पाण्याचा कॉक कुठे, कौल कुठलं गळतं ते दाखवा. मिरगाच्या आधी कौलं परतून घ्यायची असतील तर माणूस सांगून, पैसे देऊन जा, काकींच्या खिशातून नको. लाइट बिल मोबाईलवर भरा. परसातला अळू, रातांबे (कोकमाची फळं), पडलेले आंबे घ्या म्हणून तोंडाने सांगा, न सांगता कोणी घेत नाही आणि मग ते कुजतात. आणि त्या म्हणतील "येताना काही नको हो", ते ऐकायचं नाही. मी मुंबईला असताना काकींनी एकदाच काय ते मागितलं होतं, गुडघ्याचं मलम, विशिष्ट दुकानातलं, आणि मी विसरलो. काकी काही म्हणाल्या नाहीत. फक्त त्या मे महिन्यात आलो तर घर झाडलेलं नव्हतं, किल्ली खिळ्याला होती आणि खाली ओटीवर कावळ्यांनी फोडलेले रातांबे.