रिकीब मागवायची आहे? आधी बूट पायात घाला

मुलांना घोडेस्वारीचा वर्ग लावला, इंग्लिश पद्धतीच्या खोगिरावर शिकायचं ठरलं, आता रिकिबी, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कड्या, तेवढ्या राहिल्या, असं म्हणून लगेच मोबाइल हातात घेऊ नका. रिकीब मागवण्याआधी बूट घरात आलेला हवा. जो बूट घालून रोज घोड्यावर बसायचं तोच बूट. शाळेचा नाही, स्पोर्ट्सचा नाही. पुतणीच्या वेळी मी तिचं अनवाणी पाऊल मोजून रिकिबी मागवल्या आणि बूट मागाहून आले. दुडकी शिकताना बूट रिकिबीत असा रुतला की शिक्षकांना हातानं सोडवावा लागला. घोडा शांत उभा राहिला म्हणून निभावलं. म्हणून हे सगळं लिहितोय.

हेल्मेट, तंग, लगाम याबद्दल इथं काही सांगत नाही, ते शिक्षक सांगतातच. रिकिबीच्या मापाबद्दल मात्र बहुतेक जण ‘मीडियम घ्या’ म्हणून मोकळे होतात. मीडियम असं काही नसतं.

माप असं घ्या. बूट घालून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन कागदावर उभं राहायचं. चवड्यापाशी तळवा सगळ्यात रुंद असतो. तिथं बुटाच्या तळाच्या दोन्ही कडांना पेन्सिल सरळ उभी धरून खुणा करा आणि त्यांच्यातलं अंतर मोजा. त्यात 1 इंच मिळवा. झालं तुमचं माप. रिकिबीचा आकडा म्हणजे तिची आतली रुंदी, पाय टेकायच्या पट्टीवर मोजलेली. दुकानदार इंचातच बोलतात: 4, 4¼, 4½, 4¾, 5. बूट साडेतीन इंच भरला तर साडेचारची रिकीब. दोन्ही पायांत फरक असेल तर मोठ्या पायाचं माप धरा. आणि पुन्हा सांगतो, मोजायचा तो बूट, पाऊल नाही. जाड शिवणीच्या बुटाचा तळ पावलाच्या बाहेर चांगलाच येतो. माझं गणित तिथंच चुकलं.

हा एक इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा, कुणी मनानं ठरवलेला नाही. रिकीब घट्ट असेल तर पडताना बूट सुटत नाही. सैल असेल तर पाय टाचेपर्यंत आत घुसतो, तोही सुटत नाही. दोन्हीकडे शेवट एकच: स्वार जमिनीवर, पाय रिकिबीत आणि घोडा पळतोय. घोडेस्वारीत यापेक्षा वाईट अपघात फार थोडे आहेत. म्हणून मुलांसाठी मोठी रिकीब घेऊन ठेवू नका. गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, रिकीब वाढत्या अंगाची घ्यायची नसते. पाय वाढला, बूट बदलला, की बूट घालून पुन्हा मोजा. जुनी रिकीब वर्गातल्या लहान मुलाला देऊन टाका.

आता बुटाचंच बघा, कारण बूट चुकला तर मोजूनही उपयोग नाही. तळ गुळगुळीत किंवा अगदी उथळ नक्षीचा हवा, टाच छोटी पण ठसठशीत हवी. टाचेमुळं पाय पुढं सरकून आरपार जात नाही. ट्रेकिंगचे खोल खाचांचे बूट अजिबात नकोत, खाच पट्टीवर अडकते. सपाट तळाचे स्पोर्ट्स शूज नकोत, त्यांना टाच नाही. चामड्याचे घोट्यापर्यंतचे बूट सोलापूरच्या उन्हात गरम होतात हे खरं, पण त्याला इलाज सकाळी लवकर बसणं हा आहे, सँडल घालणं हा नाही. मोच्याकडून बुटाला नवा तळ ठोकून घेतलात तर? तळ रुंद झाला असेल. पुन्हा मोजा!

रिकिबीत पाय घालून बघणं सगळ्यात बरं. पुण्याला जाऊन दुकानातून घेणार असाल तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघताना पिशवीत बूट टाका. चपलेवर जाऊन अंदाजानं घेतलेली रिकीब आणि घरबसल्या अंदाजानं मागवलेली रिकीब, दोन्ही सारख्याच. अकलूजच्या घोडेबाजारात फिरताना पितळी, नक्षीच्या रिकिबी बघून मोह होतो. त्या सजवलेल्या घोड्यावर शोभतात, शिकाऊ मुलाच्या पायात घालू नका. खोगीर-लगामाच्या सामानात इंग्लंडमधल्या वॉल्सॉलचं नाव जुनं आहे आणि आपल्याकडं कानपूर त्यासाठी प्रसिद्ध आहे. शिक्का कुठलाही असू दे, तुमच्या बुटाला अर्धा-अर्धा इंच सुटतोय की नाही तेवढं बघा.

धातू स्टेनलेस स्टीलच घ्या. निकेलची रिकीब स्वस्त असते, पण मऊ असते, पिवळट पडते, दाबानं वाकते आणि मोडूही शकते. वाकलेली रिकीब म्हणजे घट्ट रिकीब, वर सांगितलंच. अ‍ॅल्युमिनियमच्या आणि प्लास्टिकसारख्या हलक्या रिकिबी शर्यतीला आणि मुरलेल्या स्वारांना ठीक. शिकणाऱ्याला वजनदार स्टील बरं. पाय सुटला तर जड रिकीब फार हेलकावत नाही, खाली न बघता पाय परत सापडतो. पडताना ती स्वतःच्या वजनानं बुटावरून निसटतेही लवकर. फिलिस नावाची भक्कम, जड घडणीची रिकीब आहे. जेम्स फिलिस या उस्तादाचं नाव तिला आहे. मोठ्या माणसानं शिकायला ती डोळे झाकून घ्यावी. डोळे झाकून म्हणजे घडण. माप उघड्या डोळ्यांनी, बूट घालून.

लहान मुलांना सेफ्टी रिकीब घ्या, यावर वाद नको. एका प्रकारात बाहेरच्या बाजूला लोखंडी दांडीऐवजी जाड रबराची रिंग असते. जोर आला की ती सुटते आणि पाय मोकळा होतो. रबर बाहेरच्या बाजूलाच यायला हवं, घोड्याच्या पोटाकडं नाही. रिकीब लटकवायचे चामड्याचे पट्टे ओवताना डावी-उजवी उलटसुलट होते, दर वेळी बघा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्या उन्हात रबर वाळून चिरा पडतात. बंद गाडीत सामान ठेवू नका आणि जादा रिंगा घरात असू द्या. ही रिकीब वजनदार मोठ्या माणसाला नाही, एक बाजू उघडी असल्यानं ती वाकते. मोठ्यांसाठी बाहेरची दांडी पुढं फुगवलेली रिकीब मिळते, ती घ्या. फुगवटा बाहेरच्या अंगाला आणि पुढं तोंड करून यायला हवा. आणि सेफ्टीची आहे म्हणून माप चुकलं तरी चालेल, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बूट, अधिक एक इंच. इथंसुद्धा.

पाय टेकायच्या पट्टीवर रबरी पॅड हवं, गुळगुळीत झालं की बदलायचं. खिसणीसारखी खरखरीत धातूची पॅडं बुटाचा तळ खातात, शिकायला नकोत. सांध्यात हलणाऱ्या रिकिबी गुडघे-घोटे दुखणाऱ्यांना आराम देतात असं त्या वापरणारे सांगतात, पण सुरुवातीला त्यांची गरज नाही.

पट्टे: रिकिबीच्या वरच्या खाचेतून सहज जातील एवढेच रुंद. भोकं दोन्ही पट्ट्यांना सारखी, मोजून. बकलापाशी शिवण उसवलेली किंवा भोकापाशी चामडं तडकलेलं असेल तर ते पट्टे कुणी फुकट दिले तरी नको. घोड्यावर डाव्या बाजूनं चढतो म्हणून डावा पट्टा जास्त ताणतो. मधूनमधून डावा-उजवा बदला.

खोगिराला जिथं पट्टा अडकतो त्या दांड्याच्या टोकाला छोटा खटका असतो. स्वारी करताना तो वर उचललेला नको, खाली मोकळा हवा. पट्टा मागं ओढून बघा, निसटायला हवा. निसटत नसेल तर शिक्षकांना दाखवल्याशिवाय मुलाला वर बसवू नका.

लांबी: बोटांची टोकं त्या दांड्याला टेकवा, पट्टा हाताखालून ताणून धरा, रिकीब काखेपर्यंत आली की सुरुवातीला पुरे. बाकी वर बसल्यावर.

पहिल्या दिवशी घोडा धरून कुणाला तरी उभं करा, मुलाला बसवा, बूट रिकिबीत घालायला सांगा. दोन्ही बाजूंना बोटाएवढी फट दिसते का? हात न लावता पाय काढता येतो का? येत नसेल तर त्या दिवशी स्वारी नाही, रिकीब परत.

नंतरचं थोडक्यात. घाम आणि धूळ ओल्या फडक्यानं पुसा, पट्ट्यांना सॅडल सोप (चामड्याचा साबण) लावा, उन्हाळ्यात थोडं जास्त लावा. पावसाळ्यात पट्टे गुंडाळून डब्यात ठेवू नका, बुरशी धरते. हवेशीर जागी खुंटीला लटकवा.